चौथा नंबर कुणाचा

दुकानाचा कारभार यापुढे कोणी बघायचा हे आज जेवणाच्या टेबलावर ठरणार होतं, म्हणून सुट्टीचा दिवस असूनही दादांनी टाय लावला होता आणि टायवर मफलर गुंडाळला होता. टाय कारभारासाठी होता. मफलर कशासाठी, ते फक्त वहिनींना माहीत होतं.

दुकान चष्म्यांचं. पुढे काउंटर, त्यामागे डोळे तपासायची अंधारी खोली, तिच्यामागे काच घासायचा कारखाना, आणि वर हे घर. सासरे गेल्यापासून काउंटरवर वहिनी उभ्या राहत, कारखान्यात धाकटा दीर काचा घासे, आणि दादा दुकान चालवत. म्हणजे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून "आता बरं दिसतंय का?" असं विचारत. 'चालवत' हा शब्द दादांचा. वहिनींनी तो कधी दुरुस्त केला नव्हता. नवऱ्याच्या नावावर असे काही शब्द तसेच सोडून द्यावे लागतात. वसुलीला गेलं की खर्चच जास्त होतो.

"ताई अजून आली नाही," आई म्हणाल्या. त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. दुकान अजून त्यांच्याच नावावर होतं, आणि हे त्या कधी बोलून दाखवत नसत. बसायची जागा पुरेशी होती.

"येईल हो," दादा म्हणाले. "कंट्रोल आल्याशिवाय काम सुरू होत नाही, तिला सांगा. आणि कंट्रोल इथे बसलाय."

हा विनोद गेले कित्येक दिवस चालला होता. त्याचं मूळ ताईच्या संशोधनात होतं. ताई ही मधली. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायचं तिचं काम. एड्स नावाचा नवा आजार निघाला होता, तो कशानं होतो हे अजून कुणालाच धड सांगता येत नव्हतं, आणि ज्यांना तो होण्याचा धोका आहे असं वाटत होतं अशा धडधाकट माणसांच्या रक्तात आधीच काही बिघडलेलं दिसतं का, हे ताईचे मोठे डॉक्टर शोधत होते. त्यांच्याशी तुलना करायला धोका नसलेल्या माणसांचं रक्त लागे. मागच्या सुट्टीला ती डोकं धरून म्हणाली होती, "मला कंट्रोल कमी पडतायत."

"हे मी तुझ्या लग्नापासून सांगतोय," दादा म्हणाले होते.

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं, हे तिनं समजावून सांगितलं. दादांनी त्यातलं निरोगी ऐकलंच नाही. त्यांनी फक्त कंट्रोल ऐकलं. त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांनी खाली तपासणीच्या खोलीत तिला एकेक करून रक्त दिलं. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, "इस्पितळात फार मोठं संशोधन चाललंय, सगळा कंट्रोल माझा आहे."

जिन्यावर पावलं वाजली. ताई आणि तिचे यजमान आले. जावईबापू विमा विकत. कुठल्याही घरात शिरताना आधी जिना, कठडा आणि म्हातारी माणसं बघायची त्यांना सवय लागली होती. बगलेत वर्तमानपत्र होतं. ताईच्या हातात नेहमीची पर्स नव्हती, ती दुसरी पेटी होती. सुया ठेवायची.

वहिनींनी ती पेटी बघितली आणि मग ताईचा चेहरा बघितला. चेहरे बघणं हा त्यांचा धंदा. कोण दिसावं म्हणून चष्मा घेतो आणि कोण लपावं म्हणून, हे त्यांना माणूस दारात असतानाच कळे. ताईनं आज काहीतरी लपवायची फ्रेम घातली होती आणि ती तिला बसत नव्हती.

"बारक्या कुठाय?" ताईनं विचारलं.

"खाली. एक काच राहिलीय म्हणाला, घासून येतो."

"मला जरा एकाचं रक्त परत घ्यायचंय," ताई शक्य तितक्या सहज म्हणाली. "नमुना नीट निघाला नाही. जेवणानंतर बघू."

"कुणाचं?" आईंनी विचारलं.

"ते मी ज्याचं त्याला सांगीन."

विषय तिथे संपला असता. पण जावईबापूंना शांतता सोसत नसे. त्यांच्या धंद्यात गप्प बसलेला माणूस उपाशी मरतो. ते बटाट्याच्या फोडी वाढून घेत म्हणाले, "नीट निघाला नाही काय, चार नंबरचं उलटं आलंय. काल झोपेत सुद्धा चार नंबर चार नंबर करत होती."

ताईनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या नजरेचा विमा कुठल्याच कंपनीनं उतरवला नसता.

"उलटं म्हणजे?" आई म्हणाल्या.

"काही नाही हो, आई."

"मी या घरात काही नाही हे उत्तर घेत नाही. तुझे बाबा तेच द्यायचे. उलटं म्हणजे काय?"

ताईनं चमचा खाली ठेवला. "रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक मदतनीस. बाहेरून काही रोग आला की बाकीच्यांना कामाला लावतात. दुसऱ्या दडपणाऱ्या. काम झालं की त्या सगळ्यांना आवरून गप्प बसवतात. चांगल्या माणसात मदतनीस दडपणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतात. एका नमुन्यात त्या कमी निघाल्या आणि दडपणाऱ्या जास्त. एवढंच."

"आणि एड्सवाल्यांच्यात काय असतं?" जावईबापूंनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर आपण काय विचारलं ते त्यांना कळलं.

"तेच," ताई म्हणाली. "पण दुसऱ्या कशानंही होतं. म्हणून तर परत घ्यायचंय."

तिचं दुसरं वाक्य कुणी ऐकलं नाही. टेबलावर प्रत्येकजण मनातल्या मनात मोजू लागला होता.

"मी तर पहिलाच होतो," दादा म्हणाले. फार लवकर म्हणाले.

"होतातच," जावईबापू म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं. 'मी थोरला, पहिला नंबर माझा' असं म्हणत तुम्ही ऐटीत तपासणीच्या खोलीत गेलात. मग आई. मग मी. मी तिसरा." त्यांनी बोटं धरली. आत्तापर्यंत ते दादांच्या पक्षात होते, कारण दादांच्या कारभारात दुकानाच्या कोपऱ्यात विम्याचं टेबल मांडायचं ठरलं होतं. या क्षणी मात्र ते फक्त स्वतःच्या पक्षात होते. "वहिनी शेवटी. त्या कापूस धरायला आत होत्या, सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी दिलं. म्हणजे माझ्यानंतर आणि वहिनींच्या आधी..."

चौथं बोट तसंच वर राहिलं. त्या बोटाला नाव द्यायची कुणाला गरज पडली नाही.

बारक्या चाळिशीला आला होता, तरी बारक्याच होता. घरापासून दोन गल्ल्या पलीकडे तो एका पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांबरोबर राहत असे. कित्येक वर्षं. घरात मास्तरांना 'रूम पार्टनर' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना प्रत्येकजण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे. जागा महाग आहे, दोघांना सोयीचं पडतं, असं आई पाहुण्यांना सांगत. पाहुणेही जागा किती महाग झाली आहे त्यावर भरभरून बोलत. सगळं व्यवस्थित चाललं होतं. आता मात्र जावईबापूंच्या बगलेतलं वर्तमानपत्र टेबलावर होतं, आणि त्यात हा आजार कसल्या पुरुषांना होतो ते मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. इतकी मोठी अक्षरं की तपासणीच्या खोलीतल्या तक्त्यावरची पहिली ओळसुद्धा लाजावी.

"तरी मी म्हणत होतो," दादा हळू आवाजात म्हणाले, "त्यानं इथेच राहायला यावं."

"कधी म्हणत होता?" आईंनी विचारलं.

"मनात."

वहिनींचा सगळा हिशोब आत चालू होता आणि तो भलताच लागत होता. तपासणीच्या खोलीला दोन दारं. एक काउंटरकडे, एक कारखान्याकडे. त्या दिवशी दादा काउंटरच्या दारानं सगळ्यांदेखत पहिले आत गेले, हे खरं. खुर्चीत बसले, बाही वर केली, सुई बघितली, आणि "अरे, मला एक फोन करायचा होता" असं म्हणून मागच्या दारानं कारखान्यात नाहीसे झाले, हेही खरं. मग आई आल्या. त्यांची नळी पहिली. जावईबापूंची दुसरी. बारक्याची तिसरी. आणि चौथ्या वेळी मागचं दार उघडून पांढरेफटक दादा परत आले, भिंतीकडे तोंड करून बसले, आणि सुई निघेपर्यंत तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत. नंतर त्यांनी वहिनींचं मनगट पकडून सांगितलं होतं, "हे बाहेर गेलं तर मला दुकानात तोंड दाखवता येणार नाही."

ताईलाही हे माहीत होतं. पण नंबर कुणाचा ते सांगायचं नाही हा तिच्या कामाचा नियम, आणि ती ओठ दाबून तो पाळत होती. वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा पाण्याचा पेला निरखत होते.

तेवढ्यात बारक्या वर आला. हाताला काच घासायची पांढरी पूड लागलेली. त्यानं खुर्ची ओढली, सगळ्यांचे चेहरे बघितले, वर्तमानपत्र बघितलं, जावईबापूंचं बोट बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही रे," जावईबापू म्हणाले. "त्या दिवशी रक्त द्यायला चौथा कोण गेला होता, तेवढंच. गंमत म्हणून."

"गंमत म्हणून," आई म्हणाल्या, "एका नळीत एड्ससारखं काहीतरी निघालंय."

बारक्याचा चेहरा वहिनींनी पुरता पाहिला. आधी त्यावरचा रंग उतरला. भीती होती, खरी भीती, आणि ती आजची नव्हती. बरीच जुनी, घडी पडलेली होती. मग त्यानं जावईबापूंकडे पाहिलं आणि मोजलं. त्याचा स्वतःचा नंबर त्याला माहीत असणारच. कारखान्यात दोन गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या दादांना त्या दिवशी पाणी त्यानंच दिलं होतं. आत जाण्याआधीही आणि आपली नळी देऊन आल्यावरही. चौथा कोण हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं थोरल्या भावाकडे पाहिलं. दादांनी पेला उचलला. पेल्यात पाणी नव्हतं, तरी ते प्यायले.

"असेन मी चौथा," बारक्या म्हणाला. "मला नीट आठवत नाही. आणि आता विषय निघालाच आहे तर मला एक सांगायचंय. मी आणि मास्तर..."

"थांब," वहिनी म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून त्या टेबलावर वहिनी कधी कुणाला थांब म्हणाल्या नव्हत्या. जावईबापूंचा घास अर्ध्यात थांबला.

"तुला जे सांगायचंय ते सांग. पण तुझं तू, तुझ्या मर्जीनं, तुला हवं तेव्हा सांग. दुसऱ्याच्या नळीपायी नको." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही बोलता की मी बोलू?"

"मी काय बोलू? मी पहिला..."

"तुम्ही चौथे. पहिल्यांदा गेलात आणि सुई बघून मागच्या दारानं पळालात. हा तिसरा होता."

मग आई अगदी थंडपणे म्हणाल्या, "म्हणजे ह्याच्यात मदत करणाऱ्या कमी आणि दडपणाऱ्या जास्त. ताई, हे कळायला सूक्ष्मदर्शक कशाला घेतलास? मला विचारायचंस."

जावईबापू हसले. एकटेच. मग त्यांच्या लक्षात आलं की दादा हसत नाहीयेत, चिडतही नाहीयेत.

"मला..." दादा म्हणाले, "मला तो... पण मी तर... ताई, मी कुठेही... अगं, मी दुकानातून बाहेरच पडत नाही!"

"याला साक्ष मी देते," वहिनी म्हणाल्या.

"दादा," ताई म्हणाली, "गेल्या महिन्यात आजारी पडला होतास का? ताप, घसा?"

"नाही."

वहिनींनी हात पुढे केला आणि मफलर ओढला. गळ्याला दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी होत्या, बऱ्याच उतरलेल्या.

"तीन आठवडे तापात होते," त्या म्हणाल्या. "कारभार ठरायच्या आधी तब्येतीचं बाहेर जायला नको म्हणून गुळण्यांचं पाणी सुद्धा माझ्याकडून दार लावून घेतलं."

ताई खुर्चीत मागे टेकली. मग तिनं उठून गाठी चाचपल्या. "अरे गाढवा, मी नळी घेताना विचारलं होतं ना, इतक्यात आजारी होतास का? साध्या तापातसुद्धा हे आकडे उलटे होतात. आठवड्यांनी परत सुलटे होतात. मी रात्ररात्र जागतेय इकडे! हे बहुतेक तेच असणार. आज परत घेते, आणि गाठी पुऱ्या गेल्या की पुन्हा एकदा. मग कळेल."

"बहुतेक?" दादा म्हणाले.

"माझ्या कामात सध्या याच्या पलीकडचा शब्दच नाही."

नळी तिथेच, टेबलावर घेतली. लपवायला आता काही उरलं नव्हतं. दादांनी बाही वर केली, सुई बघितली, तक्ता शोधला, तो खाली राहिला होता हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते शांतपणे जावईबापूंच्या अंगावर कलंडले. सगळ्या अपघातांवर बोलणाऱ्या त्या माणसाला अंगावर पडलेल्या माणसाचं काय करायचं ते मात्र ठाऊक नव्हतं. "धरा, धरा!" असं ते स्वतःच्याच हातांना सांगत राहिले.

आईंनी त्या धांदलीतच निकाल दिला. "काउंटर जी सांभाळते तिनंच दुकान सांभाळावं. मी हे आधीच ठरवलं होतं. जेवणाला बोलावलं ते तुम्हाला सांगायला, विचारायला नाही. आणि जावईबापू, कोपऱ्यात टेबल येणार नाही. तिथे आरसा आहे."

दादांना आतल्या कोचावर निजवून वहिनी खाली आल्या. दुकान आपलं झालं म्हणून एकदा काउंटरला हात लावून बघावा, एवढाच विचार होता. कारखान्यात दिवा दिसला. ताई आणि बारक्या घासणीच्या यंत्रापाशी उभे होते. परत फिरावं असं वहिनींना वाटलं, पण बारक्यानंच हाक मारली. "या वहिनी. तुमच्यासमोरच सांगतो, म्हणजे नंतर कुणी बोटं मोजायला नकोत." तो ताईकडे वळला. "माझी नळी चुकीच्या गटात आहे."

"तुझे आकडे छान आलेत," ताई म्हणाली. "अगदी पाहिजेत तसे. तिथेच राहू दे ना, बारक्या. कुणाला कळणार आहे?"

"तुला." त्यानं एप्रनला हात पुसले. "मी घासलेली काच एका केसानं जरी चुकली तरी मी ती बाजूला टाकतो, गिऱ्हाइकाला कळणार नसलं तरी. आकडे छान आले म्हणून नळी चुकीच्या खान्यात ठेवायची? मी मास्तरांबरोबर राहतो, ताई. रूम पार्टनर म्हणून नाही. तुला माहितेय, वहिनींना माहितेय, आईला तर सगळ्यांच्या आधी माहितेय. मला धोक्याच्या गटात घाल. मास्तरही नळी देतील. त्यांचे दोन मित्र गेल्या वर्षात गेले. त्यांना रोज सकाळी आरशात गळा चाचपताना मी बघतो."

"तिकडे घातलं तर मला दर काही महिन्यांनी तुझं रक्त घ्यावं लागेल," ताई म्हणाली. "आणि आज चांगलं आहे याचा अर्थ उद्या काय, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येत नाही. आणि कधी उलटं आलं तर ते मोजणारी मी असेन."

"म्हणून तर. दुसऱ्या कुणी मोजण्यापेक्षा तू मोज."

वहिनींनी गळ्यातला चष्मा उगाच पुसला. मग म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीला मास्तरांना जेवायला बोलाव. वर, टेबलावर. इतकी वर्षं जागा महाग म्हणून सांगितलं आम्ही. एक खुर्ची काही महाग नाही."

मागचं दार करकरलं. दादा उभे होते. टाय सुटलेला, मफलर गेलेला, दंडावर कापूस. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी बारक्याकडे पाहिलं, मग त्या स्टुलाकडे, ज्याच्यावर ते त्या दिवशी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

"तू चौथा म्हणून का सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुला दुकानात तोंड दाखवायचं होतं."

दादांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग घसा साफ करून ताईला विचारलं, "परत कधी टोचणार म्हणालीस?"

"गाठी गेल्या की. त्याच दिवशी या दोघांचंही घेईन."

"दोघांचं म्हणजे बारक्याचं, आणि त्या..." दादांची नजर सवयीनं घड्याळ शोधू लागली. कारखान्यात घड्याळ नव्हतं. "आणि मास्तरांचं."

"हो."

"मास्तर पाण्यात पोरांना धरतात ना? पकड चांगली असेल." ते स्टूल ओढून त्याच्यावर बसले. "मग असं करू. पहिला नंबर त्यांचा. मग बारक्या. मी त्यांच्यानंतर बसतो, आणि मास्तरांना सांग, माझं होईपर्यंत जाऊ नका म्हणावं."